तीनशे वॉटांतला एक वॉट

मिस्त्रीने मल्टिमीटरची दोन टोकं वूफरच्या टर्मिनलांच्या पहिल्या जोडीला लावली. पडद्यावर 3.4 आलं. मग दुसऱ्या जोडीला लावली. आकडा आलाच नाही. दोन कॉइलांपैकी एक शाबूत, दुसरी तुटलेली. त्याने दोन्ही हातांची बोटं कोनाच्या कडेने पसरली आणि कोन हळूच आत दाबला. आतून खरखर ऐकू आली. शेवटी वूफर उलटा करून त्याने मॅग्नेटच्या मागच्या भोकाशी नाक नेलं, वास घेतला आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाला. आमच्या यजमानांनी ते मराठीत सांगितलं, "कॉइल जळली. हुंगून बघा म्हणतोय, वार्निशचा वास अजून आहे."

तंजावूरच्या राजवाड्याच्या पूर्वेला कीळवासल नावाचा भाग आहे. कीळ म्हणजे पूर्व, वासल म्हणजे दरवाजा. जुन्या किल्ल्याचा पूर्व दरवाजा तिथे होता, त्याचं नाव वस्तीला राहिलं. तिथल्या एका छोट्या दुकानात आम्ही बसलो होतो. मी मिरजेचा, गाडी भाच्याची आणि यजमान तंजावूरचे देशस्थ, वीज मंडळातून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरीच्या पुढे. भाच्याच्या सहकाऱ्याचे ते आजोबा. तिरुवय्यारला त्यागराज आराधना ऐकायची म्हणून आम्ही बेंगळुरू, सेलम, नामक्कल, तिरुची असे गाडीने आलो होतो. वाटेत तिरुचीच्या अलीकडे डिकीतला आवाज एकदम निम्म्यावर आला, मग खरखरला आणि तंजावूर यायच्या आत बंद पडला.

भाचा हिरमुसला होता. त्याचं म्हणणं साधं होतं आणि बहुतेक लोक तेच म्हणतील: "मामा, वूफर 300 वॉटचा आणि अँप 2000 वॉटचा. जास्त पॉवर गेली आणि जळला."

मिस्त्रीने मान हलवली. अँप हातात घेतला, वरचा चमकदार स्टिकर बघितलासुद्धा नाही, बाजूला वळवला आणि फ्यूजवर बोट ठेवलं. पंधरा-पंधरा अँपिअरचे दोन फ्यूज होते. पुढचा हिशेब यजमानांनी तिथल्याच एका खोक्यावर मांडून दाखवला. दोन्ही मिळून 30 अँपिअर. गाडी चालू असताना व्होल्टेज साधारण 13.8. गुणाकार 414 वॉट. यापेक्षा जास्त वीज अँपमध्ये शिरूच शकत नाही, शिरली तर फ्यूज उडेल. त्यात हा जुन्या एबी वर्गाचा अँप, आत गेलेल्या विजेपैकी फार तर साठ टक्के बाहेर देणारा, उरलेल्याची उष्णता करणारा. म्हणजे बाहेर येणार अडीचशे वॉटच्या आसपास. स्टिकरवरचे दोन हजार कुठून आले, हे स्टिकर छापणाऱ्यालाच ठाऊक.

म्हणजे गोष्ट उलटी होती. अडीचशे वॉटच्या अँपने तीनशे वॉटचा वूफर जाळला होता. दुबळ्याने बळकटाला जाळलं, हे कळायला मला त्या दिवशी दुपार झाली. ते समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे गाडीत, मंडपात आणि घरात जळणारे कितीतरी वूफर असेच जळतात.

पहिली चूक जोडणीत होती. या वूफरमध्ये चार-चार ओमच्या दोन कॉइली. एकीच्या मागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडल्या तर आठ ओम होतात, पॅरलल जोडल्या तर दोन. मीटरवर 3.4 दिसलं ते बरोबरच आहे, चार ओमच्या कॉइलचा नुसता तारेचा विरोध तेवढाच भरतो. गावाकडे ज्या दुकानात हे बसवलं तिथे कॉइली पॅरलल केल्या आणि दोन चॅनेलच्या अँपला ब्रिज करून लावल्या. ब्रिज केला की दोन्ही चॅनेल मिळून एकच ओझं उचलतात, आणि प्रत्येकाला ते ओझं निम्म्याच ओमचं भासतं. दोन ओमचा वूफर प्रत्येक चॅनेलला एक ओम वाटत होता. अँपच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की ब्रिज केल्यावर चार ओमच्या खाली जाऊ नका. ते कोणी वाचलं नाही, आम्हीही नाही.

दुसरी चूक भाच्याची. बेस कमी वाटतो म्हणून त्याने गेन शेवटपर्यंत फिरवला आणि बेस बूस्ट पूर्ण चढवला. बूस्टचं बटण 12 डेसिबलचं. बारा डेसिबल म्हणजे जवळजवळ सोळापट पॉवरची मागणी. ती पुरी करायला अँपकडे काहीच नव्हतं. अशा वेळी अँप काय करतो? स्वराची लाट जिथे वर चढायची तिथे त्याचं व्होल्टेज संपतं आणि लाटेचा माथा छाटला जातो. त्याला क्लिपिंग म्हणतात. गोल माथ्याची लाट सपाट झाली, पार चौकोनी झाली, तर तेवढ्याच उंचीत दुप्पट पॉवर मावते. अडीचशे वॉटचा अँप असा छाटत राहिला तर कॉइलमध्ये तीनशे वॉटच्याही वर उष्णता जाऊ शकते. शिवाय गाण्यात नेहमी चढ-उतार असतात. ढोलाचा ठोका मोठा, मधली जागा शांत. त्या मधल्या जागेत कॉइल निवते. क्लिपिंगमध्ये मोठं आणि लहान एकाच उंचीला येतं, निवायला जागा उरत नाही. "क्लिपिंगमधून डीसी जातो आणि कोन थांबतो" असं आपल्याकडचे बरेच फिटर सांगतात. ते खरं नाही. कॉइल मरते ती सरासरी उष्णतेने.

इथे यजमानांनी एक आकडा सांगितला, तो माझ्या डोक्यातून जात नाही. गाडीतल्या वूफरची संवेदनशीलता एका वॉटला एका मीटरवर 87 डेसिबलच्या आसपास धरली, तर तो दिलेल्या विजेच्या जेमतेम 0.3 टक्के भागाचा आवाज करतो. तीनशे वॉट दिले तर आवाज होतो साधारण एका वॉटचा. उरलेले 299 वॉट त्या केसासारख्या तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन बसतात. वूफरच्या डब्यावर 300 वॉट आरएमएस लिहिलेलं असतं, ते तो किती मोठ्याने वाजेल याचं माप नाही. तो किती उष्णता सोसेल, याचं माप आहे.

मिस्त्रीने नवा कोन आणि कॉइल बसवायचं कबूल केलं. जुना कोन कापून काढला, मॅग्नेटच्या फटीतली काजळी चिकटपट्टी घालून वेचून काढली. मग एका जुन्या एक्स-रेची फिल्म घेतली, तिच्या बोटभर पट्ट्या कापल्या आणि त्या कॉइल आणि लोखंड यांच्यामधल्या फटीत चारी बाजूंनी सरकवल्या. अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली ती फट, आणि कॉइल तिच्या बरोबर मध्यावर उभी राहिली पाहिजे. नाहीतर पहिल्याच मोठ्या स्वराला घासणार. गोंद लावून झाल्यावर त्याने वूफर उताणा ठेवला, वर एक जड वही ठेवली आणि उद्या संध्याकाळी या म्हणाला. गोंद वाळायला वेळ द्यावाच लागतो.

असा एक पूर्ण दिवस आम्हाला राजवाड्यासाठी मिळाला.

तंजावूरचा राजवाडा नायक राजांनी सुरू केला आणि पुढे मराठ्यांनी वाढवला. व्यंकोजीराजांपासून 1855 साली दुसरे शिवाजीराजे वारले तिथपर्यंत, पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ इथे भोसल्यांचं राज्य होतं. मराठी माणूस इथे येतो तो सरस्वती महाल ग्रंथालयासाठी आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेल्या मराठी वंशचरित्रासाठी. तेही बघावंच. मी या खेपेला मात्र कानाने बघत होतो. या घराण्यातल्या तुळजाराजांनी संस्कृतमध्ये 'संगीतसारामृत' हा ग्रंथ लिहिला. दुसऱ्या सरफोजीराजांनी युरोपीय वाद्यांचा बँड पदरी ठेवला, आणि त्याच दरबारात पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ होते, ज्यांनी आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला घाट दिला. वडिवेलूंचं नाव तर कर्नाटक संगीतात व्हायोलिन आणणाऱ्यांत घेतलं जातं. दरबारात वीणा, रस्त्यावर नादस्वरम आणि तविल, कवायतीच्या मैदानात बँड. कुठलं वाद्य कुठल्या जागेसाठी, हे इथे कोणाला शिकवावं लागत नव्हतं.

संगीत महालात उभं राहिल्यावर हे कळतं. नायकांच्या काळातलं हे दालन गाण्याबजावण्यासाठीच बांधलेलं. यजमानांनी तिथे एकदाच टाळी वाजवली आणि ओठांवर बोट ठेवलं. टाळीचा नाद भिंतींना लागून परत आला आणि विरला. त्यांची मराठी ऐकायला थोडी वेगळी लागते, तमिळच्या हेलात वळलेली, आणि मला ती फार गोड वाटली. ते म्हणाले, "इथे वीणा पुरते. तविल इथे वाजवला तर तुम्ही बाहेर पळाल. आणि वीणा तिकडे देवाच्या रथापुढे नेली तर वाजवणाऱ्यालाच ऐकू येणार नाही."

तंजावूरच्या वीणेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ती फणसाच्या लाकडाची करतात. एकाच ओंडक्यातून कोरून काढली तर तिला एकांड वीणा म्हणतात. मिरजेत सतारी आणि तंबोरे होतात, मी लहानपणापासून भोपळे वाळताना आणि जवारी काढताना बघत आलो, त्यामुळे दुपारी एका वीणाकाराकडे गेल्यावर मला परकं असं काही वाटलं नाही. कुडम, म्हणजे वीणेचा पोटाचा घडा, आतून पोखरून झाला होता. त्याच्या तोंडावर बसवायची पातळ फळी कारागिराने कानाजवळ धरली आणि बोटाच्या पेराने ठोकली. पुन्हा रंध्याचा एक हलका हात फिरवला, पुन्हा ठोकली. शेजारी दुसऱ्या वीणेच्या दांडीवर मेण आणि कोळशाच्या भुकटीचा काळा लगदा थापलेला होता. त्यात पितळेचे 24 पडदे रोवायचे, एकेक कानाने जुळवून.

त्या फळीची जाडी म्हणजे दुसऱ्या भाषेत वूफरचे ओम. फळी जाड राहिली तर तारेची ताकद तिला हलवू शकत नाही, नाद तारेतच घुटमळून मरतो. फार पातळ झाली तर ती सगळं एकदम घेते, आवाज बदबदतो, आणि तारांच्या ताणाने एक दिवस खचते. कारागीर ठोकून बघत असतो तो हाच हिशेब: देणाऱ्याचं बळ आणि घेणाऱ्याचा विरोध एकमेकांना साजेसे आहेत की नाहीत. तिरुचीजवळच्या तिरुवानैक्कावलला 1888 साली जन्मलेल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी वीणा आणि तंबोरा यांच्या घोडीवर अभ्यास केला होता. घोडी सपाट धारेची नसून पसरट आणि किंचित गोलावलेली असते, म्हणून तारेतून असे उपस्वर उमटतात जे साध्या नियमाने उमटायला नकोत, हे त्यांनी दाखवलं. मृदंगाच्या शाईवरही त्यांनी काम केलं. आपल्या कारागिरांच्या हातात जे होतं, ते त्यांनी गणितात आणलं.

वूफरच्या पेटीला असं गणित फार उशिरा मिळालं. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये भोकाच्या पेट्यांवर निबंध लिहिला, पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात तो हिशेब पुरा केला. आज कुठल्याही बऱ्या वूफरबरोबर जो आकड्यांचा कागद येतो तो या दोघांचा. बंद पेटीत आतली हवा स्प्रिंगसारखी कोनाला आवरून धरते. बेस आखूड, पण नेमका. भोकाची पेटी घटमसारखी वागते, तिच्या तोंडातली हवा एका ठरावीक स्वराला डोलते आणि त्या स्वराशी वूफरला मोठी मदत करते. पण त्या स्वराच्या खाली उतरलं की पेटी हात सोडते, कोन मोकाट सुटतो, आणि निम्म्या वॉटमध्येही मोडू शकतो. म्हणून भोकाची पेटी असेल तर अँपवरचा सबसॉनिक फिल्टर लावायलाच हवा. लोक हे विसरतात.

वीणेचा आणि वूफरचा संबंध मला तिथेच आकड्यांत दिसला. वीणेच्या चार वाजवायच्या तारा. सारणी तार पांढरी तीनला, म्हणजे 165 हर्ट्झला मिळवली, तर त्याखालचा पंचम 124, मंद्र षड्ज साडेब्याऐंशी आणि सगळ्यात खालची अनुमंद्र पंचमाची तार 62 हर्ट्झच्या आसपास येते. गाडीच्या दारातले सहा इंची स्पीकर एवढ्या खाली नीट उतरत नाहीत. वीणेच्या त्या शेवटच्या तारेचा मूळ स्वर गाडीत ऐकायचा, तर वूफर लागतोच. वूफर म्हणजे नुसता धिंगाणा, असं मी इतकी वर्षं समजत होतो. माझी चूक होती.

आणि त्यासाठी वॉट किती लागतात? थोडेच. चाळीस हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते, आणि गाडी असते चार मीटरची. लाट गाडीत मावतच नाही. मग वूफर सगळ्या केबिनची हवा एकदम दाबतो आणि सोडतो, आणि जितकं खाली उतरावं तितकी गाडीच त्याला आवाज वाढवून देते. मोठ्या दालनात किंवा उघड्या मैदानात हे होत नाही. जो वूफर गाडीत छाती हलवतो तो रस्त्यावर ठेवला तर फुसका वाटतो. दुसरं असं की पॉवर दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल, कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. तीनशेऐवजी सहाशे वॉटचा अँप घेणारा पैसे दुप्पट मोजतो आणि ऐकायला त्याला फारसं काही मिळत नाही.

ठरल्याप्रमाणे संध्याकाळी आम्ही कीळवासलला परत गेलो. वूफर तयार होता, दोन्ही कॉइली 3.4 दाखवत होत्या. भाच्याने तिथेच डी वर्गाचा मोनो अँप घेतला: दोन ओमला 350 वॉट आरएमएस, फ्यूज 40 अँपिअरचा. 40 गुणिले 13.8 गुणिले 0.8, म्हणजे 440. साडेतीनशेचा दावा या हिशेबात बसतो. वूफरच्या मापापेक्षा अँप थोडा मोठा आणि गेन आवरलेला, ही जोडी बरी, कारण मग अँप धापा टाकत नाही आणि लाटा छाटत नाही.

मिस्त्रीने बॅटरीपासून नवी जाड वायर ओढली, अस्सल तांब्याची. अॅल्युमिनियमला तांब्याचा मुलामा दिलेली वायर त्याने ओळखून बाजूला टाकली, सुरीने खरवडल्यावर ती आतून पांढरी निघाली. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. तो लांब असेल तर मधल्या वायरला आग लागण्यापासून वाचवणारं काही उरत नाही. अर्थिंगसाठी डिकीतला रंग खरवडून पत्रा उघडा केला. तीनशे वॉटला या अँपला 27 अँपिअर लागतात, आणि छोट्या गाडीच्या अल्टरनेटरला ते झेपतात.

मग त्याने वूफरच्या वायरी सोडवल्या, स्टिरिओचा आवाज पाऊण चढवला, बेस बूस्ट शून्यावर आणला आणि 50 हर्ट्झचा एकसुरी स्वर लावला. मीटर एसी व्होल्टवर. खोक्याच्या कोपऱ्यात यजमानांनी आधीच लिहून ठेवलं होतं: 300 गुणिले 2, म्हणजे 600, त्याचं वर्गमूळ 24.5. मिस्त्री बारीक स्क्रू ड्रायव्हरने गेन फिरवत गेला. 11. 17. 22. 24. मीटर 24.4 वर थांबलं तेव्हा त्याने हात काढून घेतला आणि गेनच्या बटणावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. भाच्याला त्याने तमिळमध्ये जे बजावलं ते भाषांतराशिवाय कळलं: ही रेघ ओलांडायची नाही. वॉट, ओम, गेन, फ्यूज हे शब्द तमिळमध्येही तेच आणि मराठीतही तेच.

दुकानाच्या दारात उभे राहून आम्ही एक जुनं वीणावादन लावलं. यजमान डोळे मिटून पुढच्या सीटवर बसले होते. वादक जेव्हा खालच्या तारेवर आला तेव्हा सीटच्या पाठीला तो स्वर लागला, आणि तरीही बोट तारेवरून घसरल्याचा बारीक आवाज वेगळा ऐकू येत होता. यजमानांनी आवाज आणखी कमी करायला सांगितला. कमी करूनही खालचा स्वर गेला नाही.

मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते आमच्या मिरजेमुळे. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रकवर वूफरच्या भिंती उभ्या राहतात, समोरच्या वाड्यातली म्हातारी माणसं दारं-खिडक्या लावून छातीवर हात ठेवून बसतात, आणि मंडपवाले एकमेकांना स्टिकरवरचे वॉट सांगतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. नोकरीच्या जागेसाठी अमेरिकेतल्या आरोग्यसंस्थेने सुचवलेला दंडक असा, की 85 डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. 100 डेसिबलमध्ये फक्त पंधरा मिनिटं. बंद काचेच्या गाडीत शंभरावर जायला तीनशे वॉटही लागत नाहीत. कॉइल बदलता येते. कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

तेव्हा गाडीत वूफर बसवायला जाल, किंवा मंडळासाठी भाड्याने आणायला जाल, तर दुकानदाराला अँपच्या स्टिकरवरचे वॉट विचारू नका. अँपचा फ्यूज किती अँपिअरचा आहे, वूफर आरएमएसने किती वॉटचा आहे, आणि जोडल्यावर किती ओम होणार आहेत, हे विचारा. गेन मीटर लावून बसवून द्या म्हणा आणि तोवर तिथेच थांबा. ज्याच्याकडे मीटर नाही त्याच्याकडून अँप घेऊ नका.